मशीन आवडतं, पण आजारी माणसांची भीती वाटते: एक्स-रे टेक्निशियन व्हावं का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. बारावी सायन्स झालं, नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क पडले नाहीत. काकांनी रेडिओलॉजीचा कोर्स सुचवला: ‘मशीनचं काम आहे, बटण दाबायचं, पेशंटला हात लावावा लागत नाही, नोकरी लगेच.’ आईला किरणांची धास्ती आहे, उद्या लग्न झाल्यावर मूलबाळ होताना अडचण आली तर काय, म्हणून. कोर्स कुठला आणि कॉलेज कसं निवडायचं हे तू विचारलंच आहेस. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे, की आजारी माणसं आणि रक्त पाहिलं की धडधडतं, म्हणूनच मशीनचं काम बरं वाटतंय.

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अरे-तुरे करते आहे. मी आधी सिव्हिलमध्ये एक्स-रेला होते, नंतर खासगी हॉस्पिटलात सीटी आणि एमआरआयला, आणि आता ड्युटीबरोबर विद्यार्थ्यांच्या पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष शिकणं, बघते. तुझ्या प्रश्नातली शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॉलेजचं उत्तर तिच्यानंतर येतं.

काकांचं एक खरं आहे: बटण दाबावं लागतं. पण पेशंटला हात न लावता होणारं काम आमच्या खात्यात जवळजवळ नाही.

साधा छातीचा फोटो घे. सोपा म्हणून नव्या मुलांना पहिल्यांदा तोच देतात. पेशंट उभा, छाती डिटेक्टरला, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पाटीला, टेकलेली, किरण सोडणारी ट्यूब मागे १८० सेंटिमीटरवर, हनुवटी वर, हात कमरेवर आणि कोपरं पुढे ढकललेली, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. मोठा श्वास घ्या, धरा, झालं. एक्सपोजर सेकंदाच्या लहानशा अंशात संपतं. आता या जागी सत्तरीचे आजोबा उभे कर. धाप लागली आहे, ऐकू कमी येतं, रांगेत उभं राहून पाय थरथरताहेत. ‘श्वास घ्या’ म्हटलं की ते खांदे वर उचलतात, छाती फुगतच नाही. अशा फोटोत फुफ्फुसांचा खालचा भाग पांढुरका दिसतो, हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, आणि नसलेल्या न्यूमोनियाची शंका डॉक्टरांच्या मनात येते. म्हणून मी पाठीवर हात ठेवून आधी एक श्वास नुसताच घ्यायला लावते. दुसऱ्या श्वासाला धरायला सांगते. पुढच्या बाजूच्या सहा किंवा मागच्या नऊ-दहा फासळ्या छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या वर मोजता आल्या की श्वास पुरेसा होता असं समजायचं. केव्ही आणि एमएएस, म्हणजे किरणांचा जोर आणि मात्रा, किती ठेवायचे हे आता मशीनही सुचवतं. आजोबांना श्वास घ्यायला लावणं ते करत नाही.

फोटोत येऊ नयेत अशा वस्तूंचंही तसंच. चेन, ताईत, ब्लाउजचे हुक, जरीचा काठ, जानव्याला बांधलेली किल्ली, सगळं उमटतं. ओली जाड वेणी खांद्यावरून पुढे आली असेल तर फुफ्फुसाच्या टोकाशी अशी सावली पडते की टीबीची शंका यावी. मंगळसूत्र काढायला पुष्कळ बायका तयार नसतात आणि त्यावर वाद घालणाऱ्या टेक्निशियनकडे बाई आखडून उभी राहते, मग फोटोही आखडलेलाच येतो. वर घेऊन दातांत धरायला सांगितलं तरी छातीच्या फोटोचं काम भागतं. गाउन कुठे आहे, कुठून बांधायचा, कपडे कुठे ठेवायचे, दार आतून लागतं का, हे आधी सांगितलं की निम्मा संकोच जातो. पुरुष टेक्निशियन असेल तर मावशींना किंवा घरच्या बाईला आत थांबवायचं. हे मशीनच्या पुस्तकात नसतं, पण पेशंट केअरच्या विषयात असतं, आणि मुलं तो विषय ‘पास होण्यापुरता’ वाचतात. मला विचारशील तर सगळ्यात जास्त वाचण्यासारखा तोच आहे.

त्यात काय असतं ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे तुला स्वतःलाच अंदाज येईल.

पहिली गोष्ट ओळख. ‘तुम्ही सुनीताबाई ना?’ असं विचारायचं नाही. थकलेला, घाबरलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणायचं आणि त्याच्या जोडीला वय किंवा केसपेपरचा नंबर पडताळायचा. एकाच आडनावाचे दोघे बाकावर शेजारी बसलेले असणं आपल्याकडे रोजचं आहे. मग बाजू: चिठ्ठीवर डावा गुडघा लिहिलाय, पेशंट उजवा चोळतोय, तर फोटो काढायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा. आणि डावी-उजवी दाखवणारा शिशाचा मार्कर एक्सपोजरच्या आधी ठेवायचा. कॉम्प्युटरवर नंतर अक्षर टाकता येतं, पण तेव्हा खात्री फक्त आपल्या आठवणीची असते.

दुसरी गोष्ट विचारायला अवघड वाटते. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला पोटाचा, कमरेचा फोटो किंवा सीटी काढण्याआधी विचारायचं, ‘शेवटची पाळी कधी आली? दिवस गेल्याची शक्यता आहे का?’ सासूसमोर विचारलं तर खरं उत्तर येईलच असं नाही. कॉलेजातल्या मुलीला आईसमोर विचारलं तर मुळीच येणार नाही. म्हणून सोबतच्यांना बाहेर बसवून, हळू आवाजात, ‘सगळ्यांनाच विचारतो’ असं सांगून विचारायचं. शक्यता आहे असं कळलं तर थांबायचं आणि रेडिओलॉजिस्टना, म्हणजे फोटो वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना, सांगायचं. फोटो काढायचाच, पुढे ढकलायचा की सोनोग्राफीवर भागवायचं हा निर्णय त्यांचा. अपघातात जीव वाचवायचा असेल तर तपासणी गरोदरपणातही होते.

मग उचल-ठेव. ट्रॉलीवरून टेबलावर घेताना दोन्हीकडचे ब्रेक लागलेत का ते पाहायचं, चादरीसकट किंवा स्लाइड बोर्डवरून सरकवायचं, मामा आणि मावशींना आधी सांगायचं की तीन म्हटल्यावर. एकट्याने उचलायला जाऊ नकोस, आमच्यात कंबरदुखी कमावणारे बहुतेक याच घाईत कमावतात. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या वर जाऊ द्यायची नाही. छातीत नळी घातलेला पेशंट असेल तर त्याची बाटली कायम छातीच्या खाली, टेबलावर शेजारी कधीच नाही, नाहीतर आतलं पाणी उलटं छातीत ओढलं जाऊ शकतं. सलाइन वर. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, हे वॉर्डातून निघतानाच बघायचं.

मानेला पट्टा लावलेला अपघाताचा पेशंट आला तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टा काढायचा नाही आणि मान वळवायची नाही. पेशंट जसा झोपलाय तसाच ठेवून ट्यूब आडवी करायची आणि बाजूचा फोटो घ्यायचा. खुब्याचं हाड मोडलेल्या आजीचं तेच. दुखरा पाय बाहेर फाकवून बाजूचा फोटो काढायचा नाही, चांगला पाय वर उचलून धरायचा आणि किरण आडवा न्यायचा. यात खरी गोम ही की पेशंट वेदनेने ओरडत असतो, नातेवाईक दारात उभे असतात, आणि तुला डोकं शांत ठेवून भूमिती करायची असते. तुला मशीन आवडतं म्हणतेस ना, हा भाग तुला आवडेल असं मला वाटतं. पेशंट वळू शकत नाही तेव्हा मशीन वळवायचं, हे कोडं प्रत्येक वेळी नवं असतं.

पोटात छिद्र पडल्याचा संशय असलेला पेशंट हे याचंच एक उदाहरण. उभ्याने छातीचा फोटो काढला तर बाहेर पडलेली हवा पडद्याखाली काळ्या कोरीसारखी दिसते. आडव्याने काढला तर ती पसरते आणि बहुधा दिसतच नाही. तो उभा राहू शकत नसेल तर डाव्या कुशीवर काही मिनिटं झोपवून आडव्या किरणाने काढतात, मग हवा यकृताच्या कडेला येते. पेशंटला कसं ठेवलं यावर ऑपरेशनचा निर्णय लवकर होतो की उशिरा, हे ठरू शकतं.

लहान मुलं हा वेगळा विषय आहे. लवकर उरकायचं, एक्सपोजरचा वेळ कमीत कमी ठेवायचा, आणि धरायला लागलंच तर शिशाचा ॲप्रन घालून आई-बाबांपैकी एकाने धरायचं, आईला दिवस गेलेले नसतील तर. टेक्निशियनने रोज रोज धरायचं नाही, कारण पालकांना ते एकदाच करायचं असतं आणि आपल्याला आयुष्यभर.

सीटीला गेलीस की इंजेक्शन येतं. आतले भाग उठून दिसावेत म्हणून आयोडीनचं औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, देतात; त्याआधी क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) किती, आधी कधी अशा इंजेक्शनचा त्रास झाला होता का, दमा आहे का, थायरॉइड आहे का, मधुमेहाची कुठली गोळी चालू आहे, हे विचारायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. एक गोष्ट आवर्जून सांगायची: ‘औषध गेलं की अंगभर गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, पण झालेली नसते.’ हे आधी न सांगितल्यामुळे घाबरून हललेले पेशंट मी पुष्कळ पाहिले, आणि हलला की स्कॅन गेला. अँजिओग्राफीला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनला, औषध सेकंदाला ४-५ मिली वेगाने जातं. सुई शिरेबाहेर असेल तर हात फुगतो, म्हणून सुई आधी सलाइन सोडून तपासायची. ॲलर्जीची पहिली चिन्हंही बहुधा आपल्यालाच दिसतात: शिंका, घसा खाकरणं, अंगाला खाज. उपचार डॉक्टर करतील, ॲड्रेनलिन ते देतील, पण त्यांना बोलावणारी तू असतेस आणि ट्रेमध्ये काय कुठे आहे हे तुला अंधारातही सापडलं पाहिजे.

एमआरआयमध्ये किरण नाहीत, म्हणून तिथे धोका नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. तिथला चुंबक दिवसरात्र चालू असतो, स्कॅन होत नसतानाही. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला पेशंटचा नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन दगावला. तेव्हापासून आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक मामा-मावशींना मी स्वतः समजावते. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप हे सगळे विचारतात. मी त्यापुढे विचारते, ‘कधी लेथवर, वेल्डिंगला, ग्राइंडरवर काम केलंय का? डोळ्यात कधी कण गेला होता का?’ आपल्याकडे एमआयडीसीत काम केलेला माणूस प्रत्येक दुसऱ्या घरात आहे. डोळ्यात लोखंडाचा कण राहिला असेल तर चुंबक तो हलवू शकतो, म्हणून शंका असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढायला रेडिओलॉजिस्ट सांगतात. बंद बोगद्याची भीती हा आणखी एक भाग. हातात बझर देऊन, कानात बोळे घालून, ‘मध्ये मध्ये मी बोलत राहीन’ असं सांगितलं आणि खरोखर बोलत राहिलं, तर भूल न देता स्कॅन पार पडण्याचं प्रमाण बरंच वाढतं.

आणि मग तो प्रश्न, जो तुला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत विचारला जाईल: ‘मॅडम, काय आलं?’ स्क्रीनवर गाठ दिसतेय, बाई समोर उभी आहे, आणि अनुभवाने तुला कळलंय. सांगायचं नाही. रिपोर्ट रेडिओलॉजिस्टचा, सांगणं तिच्या डॉक्टरांचं. पण ‘मला काही कळत नाही’ असं खोटंही बोलू नकोस, चेहरा लगेच पकडला जातो. मी म्हणते, ‘फोटो चांगला आलाय, डॉक्टर नीट बघून लिहितील, रिपोर्ट अमुक वेळेला मिळेल.’ ‘फोटो चांगला’ म्हणजे काढायला चांगला, पण लोक त्यातून आजार नाही असा अर्थ काढतात, म्हणून हल्ली ‘फोटो स्पष्ट आलाय’ म्हणते. त्याच वेळी फुफ्फुसाबाहेर हवा, मेंदूत रक्तस्राव असं काही दिसलं तर फिल्म गठ्ठ्यात ठेवून द्यायची नाही. पेशंटला खात्यातून हलवण्याआधी रेडिओलॉजिस्टना फोन.

आता आईची काळजी. तिला हे आकडे दाखव. किरणांचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. छातीचा एक फोटो साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट, पोटाचा सीटी साधारण ८ ते १०. काहीही न करता जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ च्या आसपास मिळतातच. हे पेशंटचे आकडे झाले. आपण भिंतीआड, शिशाच्या काचेमागे असतो. आपल्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, मर्यादा घालून दिली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अंगाला किती किरण लागले हे मोजणारा, छातीवर लावायचा टीएलडी बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. एक्स-रे, सीटीला नियम पाळून काम करणाऱ्या माझ्या बहुतेक सहकाऱ्यांचं वर्षाचं रीडिंग १ च्या आत राहिलं आहे. बॅज ॲप्रनच्या आत लावायचा. ॲप्रनवर, पर्समध्ये किंवा एक्स-रे रूममधल्या खिळ्यावर टांगायचा नाही, मग तो तुझा डोस मोजत नाही, खोलीचा मोजतो.

आईला नेमकी भीती आहे ती गरोदरपणाची, त्याबद्दल स्वतःचं सांगते. मला दोन मुलं आहेत, दोन्ही वेळा नोकरी चालू होती. दिवस गेल्याचं कळलं की लगेच, लाज न बाळगता, खात्याला लेखी कळवायचं. त्यानंतर बाळाला मिळणारा डोस उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टच्या आत राहील अशी ड्युटी द्यावी लागते. मला पोर्टेबल (वॉर्डात नेऊन काढायचा एक्स-रे) आणि ओटीमधल्या सी-आर्ममधून (ऑपरेशन चालू असताना चित्र दाखवणारं एक्स-रे मशीन) काढून सीटीच्या कन्सोलवर, म्हणजे काचेमागच्या कॉम्प्युटरवर, बसवलं होतं. धोका जास्त कुठे असतो तेही सांग: कॅथलॅब (हृदयाच्या अँजिओग्राफीची खोली) आणि सी-आर्म, कारण तिथे पेशंटच्या शेजारी उभं राहावं लागतं. तिथे ॲप्रन, थायरॉइड कॉलर, आणि जमेल तेवढं मागे सरकणं. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथाईवर येते, हा एक नियम मी विद्यार्थ्यांना झोपेतून उठवून विचारते. ॲप्रनची घडी घालू नये, आतलं शिसं चिरतं, आणि ते वरून दिसत नाही.

थोडक्यात इथवर: किरणांची भीती नियम पाळणाऱ्या जागी फारशी उरत नाही. नियम न पाळणारी जागा मात्र नक्की असते. ‘बॅज नंतर देऊ’ म्हणणाऱ्या सेंटरमध्ये नोकरी धरू नकोस, पगार कितीही असो.

कोर्सचं. सगळ्यात आधी, डीएमएलटी म्हणजे रक्त-लघवी तपासणारी लॅब, त्याचा आपल्याशी संबंध नाही. दर वर्षी कोणीतरी नावाच्या गोंधळात तिकडे पैसे भरतं. आपल्याकडे दोन मुख्य वाटा: रेडिओग्राफीचा डिप्लोमा, किंवा पदवी. पदवीत बीएस्सी रेडिओग्राफीसारखे कोर्स येतात, आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. घरची परिस्थिती तीन-चार वर्षं थांबण्यासारखी असेल तर पदवीच कर. नसेल तर डिप्लोमा करून नोकरी धरलेली आणि नंतर शिकलेली कितीतरी मुलं माझ्याबरोबर आहेत, त्यात कमीपणा नाही. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला मात्र हात लावू नकोस. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला, त्यात आपलं क्षेत्र आहे. त्या कायद्यात तंत्रज्ञाच्या पातळीच्या व्यावसायिकाला दोन ते चार वर्षांत पसरलेलं किमान २००० तासांचं शिक्षण धरलं आहे, आणि वरच्या पातळीला ३६०० तास. घरबसल्या रेडिओग्राफी शिकवतो म्हणणाऱ्याला विचार, पेशंट घरी पाठवणार का?

‘सोनोग्राफी टेक्निशियन, हमखास नोकरी’ असा बोर्डही दिसेल. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा लक्षात ठेव. आपल्याकडे गरोदर बाईची सोनोग्राफी पात्र आणि नोंदणी असलेले डॉक्टरच करतात. परदेशात सोनोग्राफर हा वेगळा व्यवसाय आहे, ते बघून इथे स्वप्न विकलं जातं. त्यात अडकलीस तर प्रोब हातात घेतल्याबद्दल पोलीस ठाण्यात जायची वेळ येऊ शकते.

कॉलेज बघताना इमारत आणि ‘अत्याधुनिक लॅब’चे फोटो बाजूला ठेव. विचारायचं ते हे: पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात? तिथे रोज साधारण किती एक्स-रे होतात? कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते का? मुलांना स्वतः पोझिशनिंग करू देतात की भिंतीला टेकून बघत उभं ठेवतात? विद्यार्थ्यांना बॅज मिळतो का? शक्य झालं तर शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना कँटीनमध्ये गाठून विचार, ऑफिसात मिळत नाहीत ती उत्तरं तिथे मिळतात. माझं मत स्पष्ट आहे. गर्दीचं सरकारी हॉस्पिटल आणि जुनं मशीन असलेलं कॉलेज हे नवं कोरं मशीन आणि रिकामे बाक असलेल्या कॉलेजपेक्षा केव्हाही चांगलं. तीन टेस्ला एमआरआय नोकरीत शिकता येतो, कंपनीचा माणूस येऊन शिकवतो. ओरडणाऱ्या पेशंटचा खांदा कसा धरायचा हे शिकवायला कोणी येत नाही.

नोकरीबद्दल काका म्हणतात तेवढं सोपं नाही. लहान सेंटरमध्ये सुरुवातीचा पगार कमीच असतो आणि वर रिसेप्शन, फिल्म पोचवणं, कधी बिलिंगही गळ्यात पडतं. गावावर, शिफ्टवर, सीटी-एमआरआय येतं की नाही यावर पुढचं ठरतं. सरकारी भरतीत क्ष-किरण तंत्रज्ञ आणि क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी अशी पदं असतात, पण जाहिरात कधी निघेल याच्या भरवशावर घर चालत नाही, म्हणून नोकरी करता करता अर्ज भरायचे. मॅमोग्राफीला बाई टेक्निशियनच लागते, तिथे मुलींना मागणी असते. रेडिओथेरपी ही वेगळी शाखा आहे, कॅन्सरच्या पेशंटबरोबर रोज, कित्येक आठवडे काम करायचं. मेडिकल इमेजिंगचा प्रगत डिप्लोमा टाटा मेमोरियलला आहे, तो पदवीनंतर डोक्यात ठेव. आखाती देशांत आणि ब्रिटनमध्ये जाणारे पुष्कळ आहेत, तिथे त्यांची त्यांची नोंदणी आणि परीक्षा लागते. अमेरिकेची वाट इथल्या पदवीवर थेट उघडत नाही, त्यामुळे एजंट तसं म्हणाला तर पैसे देऊ नकोस.

आता तुझी ती धडधड. रक्त बघून चक्कर येणं आणि आजारी माणसाजवळ जावंसंच न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुतेकांची सवयीने जाते. माझ्या हाताखालच्या, पहिल्या कॅज्युअल्टी पोस्टिंगला भिंत धरून बसलेल्या मुलीसुद्धा आज रात्रपाळी एकट्या सांभाळतात. दुसरी गोष्ट असेल तर ती जाईलच असं मी सांगणार नाही. मग भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, बायोमेडिकल इंजिनिअरिंग बघ. मशीन दुरुस्त करणारा माणूसही याच मशीनवर जगतो आणि पेशंट टेबलावर नसतानाच काम करतो.

तुझं यातलं कुठलं आहे हे मी इथून ओळखू शकत नाही. फॉर्म भरण्याआधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ओळखीने परवानगी काढ आणि एक सकाळ एक्स-रेच्या दाराबाहेर बाकावर बस. आत जाऊ नकोस, काही विचारू नकोस. सोमवारी जा, ओपीडीला गर्दी असते. कोण ट्रॉलीवर येतं, कोणाला धरून आणतात, टेक्निशियन कसा बोलतो ते बघ. दोन तासांनी घरी जावंसं वाटलं की एखाद्या आजींना उठायला हात द्यावासा वाटला, ते तुझं तुला कळेल.

प्रवेश झालाच, तर पोस्टिंगची वाट न बघता हिपॅटायटिस बी ची लस लगेच सुरू कर. तीन डोस असतात, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. घेतल्याच्या चिठ्ठ्या जपून ठेव, नोकरीला लागताना मागतात. केस वर बांधायची सवय आत्तापासून लाव, आणि चपला मागे पट्टा असलेल्या घे. बाकी बॅचचं पत्रक हातात आलं की विषयांची नावं कळव, कुठलं पुस्तक आधी उघडायचं ते सांगते.